वाडवडिलांचे ऋण

माणूस आपल्या आयुष्याची सुरुवात स्वतः करीत नाही. नाव, भाषा, चेहऱ्याची ठेवण, बोलण्याची लकब, घराचा उंबरठा आणि वावराचा धुरा हे सारे त्याला कोणाकडून तरी मिळालेले असते. ज्यांच्याकडून मिळाले त्यांपैकी बहुतेक जण कब्रस्तानात विसावलेले असतात, आणि त्यांच्याही आधीच्या कित्येकांची तर नावेही कोणाला आठवत नाहीत. या गेलेल्या माणसांचे आपण काय देणे लागतो? त्यांचा सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे? आणि तौहीदवर श्रद्धा ठेवणाऱ्याने तो कोणत्या मर्यादेत करायचा? अमरावती-अकोल्याच्या मुस्लिम घरांत हे प्रश्न आज तरुण मुले-मुली विचारू लागली आहेत. त्यांना दटावून गप्प बसवणे सोपे आहे. पण प्रश्न प्रामाणिक असेल तर उत्तरही प्रामाणिक असले पाहिजे.

ही मुले ज्या परिसरात वाढतात तिथे पूर्वजांचे स्मरण पदोपदी दिसते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात शेजारच्या घरी पितरांच्या नावाने पान वाढले जाते. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली घागर पूर्वजांसाठी ठेवली जाते. मेळघाटातील कोरकू बांधव आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागवानी लाकडाचा ‘मुंडा’ कोरतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतो. ही ओढ केवळ आपल्या मुलखातलीच आहे असे नाही. युरोपातील आइसलंड या देशाने हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथे १९७२ साली काही लोकांनी त्या आधीच्या जुन्या देवतांच्या उपासनेसाठी ‘आसात्रू’ पंथाची संघटना स्थापन केली आणि १९७३ मध्ये तिला शासनाची मान्यताही मिळाली. अशा पंथांच्या मेळाव्यांत लोक वर्तुळ करून बसतात, पेयाचे पात्र हातोहात फिरते आणि ज्याच्या त्याच्या पूर्वजांची नावे घेतली जातात. यंत्रे आणि बाजार यांनी भरलेल्या युगात माणूस आपली मुळे शोधीत हजार वर्षे मागे जाऊ पाहतो, याचा अर्थ ही भूक खरी आहे. प्रश्न आहे तो ती भूक कशाने भागवावी याचा.

बापजाद्यांचा दाखला

कुरआन अवतरला तेव्हा मक्केच्या समाजात पूर्वजांचे स्थान फार मोठे होते. कुलाचा अभिमान हीच तिथली प्रतिष्ठा होती आणि वाडवडिलांची रीत हाच तिथला कायदा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकेश्वरत्वाची हाक दिली तेव्हा कुरैशांनी दिलेले सर्वांत जुने उत्तर हेच होते की आम्ही आमच्या बापजाद्यांना ज्या मार्गावर पाहिले त्यावरच चालू. सूरह बकरहमध्ये (२:१७०) यावर एक साधा प्रश्न विचारला गेला आहे: त्या वाडवडिलांना काही समजले नसेल आणि त्यांना योग्य मार्ग लाभला नसेल, तरीही का? या एका प्रश्नाने पूर्वजांच्या हातून एक अधिकार काढून घेतला गेला. एखादी गोष्ट जुनी आहे, आजोबा-पणजोबा करीत आले आहेत, एवढ्यावरून ती सत्य ठरत नाही.

परंतु येथे थांबून नीट पाहिले पाहिजे. कुरआनने पूर्वजांचे अनुकरण सरसकट निषिद्ध ठरवलेले नाही. तुरुंगातील सोबत्यांशी बोलताना हजरत यूसुफ (अ.) अभिमानाने सांगतात की मी माझे वाडवडील इब्राहीम, इस्हाक आणि याकूब यांच्या पंथाचे अनुसरण करतो (१२:३८). म्हणजे वडिलांचा मार्ग सत्याचा असेल तर त्यावर चालणे हे भूषण आहे. कसोटी सत्याची आहे, वयाची नाही.

आणखी एक आयत विचार करण्यासारखी आहे. हजचे विधी आटोपल्यावर मिना येथे अरब टोळ्या जमत आणि आपापल्या बापजाद्यांचे पराक्रम गात. सूरह बकरहमध्ये (२:२००) त्यांना सांगितले गेले की जसे तुम्ही आपल्या वाडवडिलांचे स्मरण करता तसे, किंबहुना त्याहून अधिक उत्कटतेने, अल्लाहचे स्मरण करा. या आदेशात वाडवडिलांच्या आठवणीचा धिक्कार नाही. उलट ती आठवण मनाला किती जवळची असते हे ओळखून तिलाच माप म्हणून वापरले आहे. बापाची आठवण खोल असते हे मान्य. निर्माणकर्त्याची त्याहून खोल असावी. आठवणींना क्रम लावून दिला गेला, त्या पुसून टाकल्या गेल्या नाहीत.

द्यायचे कोणी, घ्यायचे कोणी

पूर्वजपूजा आणि पूर्वजांचा सन्मान यांत फरक कोठे पडतो? शेजाऱ्यांच्या विधींत कृतज्ञता आहे आणि तिचा आदरच केला पाहिजे. पण जगभरच्या पूर्वजपूजेत कृतज्ञतेसोबत आणखी एक समजूत असते: गेलेली माणसे प्रसन्न झाली तर भरभराट होते, रुष्ट झाली तर घरात अडथळे येतात. इस्लामचा भेद येथे आहे. नफा-नुकसान, रोजी, संतती, आजार आणि आरोग्य हे केवळ अल्लाहच्या हातात आहे. मृत व्यक्ती कितीही थोर असो, ती स्वतःच अल्लाहच्या कृपेची गरजवंत असते.

यातून जिवंत आणि मृत यांच्या नात्याची दिशाच बदलते. आपण कब्रीजवळ जातो ते मागायला नव्हे, द्यायला जातो. तिथे गेल्यावर आपण सलाम करतो आणि त्यांच्यासाठी क्षमा मागतो. सुरुवातीला प्रेषितांनी (स.) कब्रींच्या भेटीला मनाई केली होती, पुढे परवानगी दिली, कारण त्या भेटीने परलोकाची आठवण होते. कब्र पक्की बांधण्यास आणि तिच्यावर इमारत उभारण्यासही हदीसमध्ये मनाई आली आहे. इसाले-सवाबच्या पद्धतींविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ते येथे उगाळण्याचे कारण नाही. दुआ, इस्तिगफार आणि सदका यांचा लाभ मृताला पोचतो, एवढ्यावर अहले-सुन्नतच्या सर्व विचारधारांचे एकमत आहे. आपल्या विषयाला तेवढे पुरेसे आहे.

एका सहाबीने प्रेषितांना (स.) विचारले होते की आई-वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्याशी सद्वर्तन करण्याचा काही मार्ग उरतो काय? उत्तरात चार-पाच गोष्टी सांगितल्या गेल्या: त्यांच्यासाठी दुआ व क्षमायाचना करणे, त्यांनी दिलेली वचने पुरी करणे, त्यांच्यामुळे जी नाती लाभली ती जोडून ठेवणे आणि त्यांच्या मित्रांचा मान राखणे. यादी पुन्हा वाचावी. दुआ वगळली तर बाकीचे सारे जिवंत माणसांशी वागण्याविषयी आहे. वडिलांचा सन्मान वडिलांच्या वृद्ध मित्राच्या घरी जाऊन करायचा आहे. आईचा सन्मान मावशीची विचारपूस करून करायचा आहे.

सहाबांनी हे अक्षरशः पाळले. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक खेडूत भेटला. त्यांनी आपले स्वारीचे गाढव आणि डोक्यावरची पगडी त्याला देऊन टाकली. सोबत्यांना नवल वाटले. खेडूत तर थोडक्यावरही खूश झाला असता. त्यावर त्यांनी सांगितले की याचा पिता माझ्या वडिलांचा मित्र होता. स्वतः प्रेषित (स.) हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर कित्येक वर्षे, बकरे कापले की त्यातील वाटा त्यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवीत. स्मारकाचा एक दगडही न लावता केलेले हे स्मरण होते.

गाविलगड आणि पाथरी

आता जो प्रश्न वऱ्हाडात अधिक टोचतो त्याकडे वळू. आपल्यापैकी अनेकांचे दूरचे पूर्वज मुसलमान नव्हते. देशमुख, पाटील ही आडनावे येथील मुस्लिम घरांतही आहेत आणि ती कोठून आली हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. इंग्रज अमदानीतील जनगणनेच्या वृत्तांतात तर बुलढाणा जिल्ह्यातील मुस्लिम देशमुख-देशपांड्यांविषयी अशी नोंद आहे की ते उघडपणे इस्लामचे अनुयायी असले तरी गुपचूप ब्राह्मणाकरवी जुन्या कुलदेवतेची पूजा करवीत. त्या नोंदीकडे केवळ उपहासाने पाहू नये. जुना धागा सोडवत नाही आणि नवा पूर्ण धरवत नाही, अशी ती अवस्था होती. त्यांना कोणी हे सांगितले नसावे की पूर्वजांशी नाते ठेवण्यासाठी त्यांच्या देवतेची पूजा करावी लागत नाही.

वऱ्हाडच्या इतिहासातच या प्रश्नाची दोन मोठी उदाहरणे आहेत. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या राज्यातील कन्नड हिंदू घराण्यातला. लढाईत लहानपणी पकडला गेला आणि बहमनी सरदाराच्या हाताखाली मुसलमान म्हणून वाढला. पुढे तो वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथून स्वतंत्रपणे राज्य करू लागला. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर आजही एक दरवाजा उभा आहे. त्याच्या कपाळावर गंडभेरुंड कोरलेला आहे: दोन मुखांचा पक्षी, चोचींत आणि पंजांत हत्ती पकडलेला. हे विजयनगरचे प्रसिद्ध चिन्ह. फतहुल्लाहने आपल्या जन्मभूमीची ही खूण वऱ्हाडच्या गडावर आणली असे अभ्यासक मानतात. त्याच गडावर त्याच्या काळातली जामा मशीदही आहे. मशिदीत सजदा एकट्या अल्लाहला, आणि दारावर जिथून आलो त्या मुलखाची आठवण. त्या माणसाच्या मनात काय होते हे अल्लाहच जाणे. सजीवांच्या चित्रांविषयी फिक्हचे मतही आपल्याला ठाऊक आहे. पण आपले मूळ लपवण्याची त्याला गरज वाटली नाही, एवढे मात्र दगडावर कोरलेले आहे.

दुसरे उदाहरण अहमदनगरच्या निजामशाहीचे. तिचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील मलिक हसन हे जन्माने ब्राह्मण. त्यांचे घराणे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी. आजोबांच्या ‘भैरव’ या नावावरूनच ‘बहरी’ हे उपनाव पडले असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. पाथरी त्या काळी इमादशहाच्या ताब्यात होती. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने ती मागितली. पूर्वजांचे गाव आपल्याला द्यावे आणि बदल्यात दुसरा मुलूख घ्यावा, असा त्याचा प्रस्ताव होता. इमादशहाने नकार दिला. तेव्हा १५१८ च्या सुमारास बुऱ्हाणने पाथरीवर चाल करून ती जिंकली आणि फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम म्हणून दिले.

या घटनेत दोन गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत आणि त्या वेगळ्या करणे हेच आपले काम आहे. बुऱ्हाणने आपल्या गैरमुस्लिम भाऊबंदांना नाकारले नाही. सत्तेच्या शिखरावर असताना त्यांना ओळख दिली, त्यांची सोय लावली. ही सिलारहमी आहे, नात्याचा हक्क आहे आणि तो धर्मभेदाने नाहीसा होत नाही. परंतु वाडवडिलांच्या गावाच्या अभिमानापायी शेजारच्या राज्यावर सैन्य नेणे, दोन्ही बाजूंच्या शिपायांना मरायला लावणे, ही अस्बियत आहे. एकच आठवण एका हाताने दान करते आणि दुसऱ्या हाताने तलवार उपसते. हा धडा केवळ बादशहांचा नाही. धुऱ्यावरच्या हातभर जमिनीसाठी, वाड्याच्या एका भिंतीसाठी, आजोबांच्या नावाने चालणाऱ्या कोर्टकचेऱ्या आपल्या तालुक्यांत काही कमी नाहीत. आजोबांच्या नावावर नातू भांडतात, तेव्हा आजोबांचा सन्मान होतो की त्यांच्या नावाचा वापर?

जे इस्लामपूर्वी गेले

गैरमुस्लिम पूर्वजांविषयी आपले वागणे कसे असावे? कुरआन व सुन्नतमध्ये याचे मार्गदर्शन विखुरलेले आहे, आणि ते एकत्र ठेवले तर एक सुंदर समतोल दिसतो.

पहिली गोष्ट, उपासनेत तडजोड नाही. सूरह लुकमानमध्ये (३१:१५) सांगितले आहे की आई-वडिलांनी शिर्कसाठी दबाव आणला तर त्यांचे ऐकू नये. पण त्याच आयतीत पुढे आज्ञा आहे की या जगात त्यांच्याशी भलेपणाने राहावे. हजरत अस्मा (रजि.) यांची आई मुश्रिक असतानाच त्यांच्याकडे आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आईशी नाते जोडून ठेवण्यास सांगितले. हजरत इब्राहीम (अ.) यांना पित्याने दगडांनी मारण्याची धमकी दिली, तेव्हा त्यांनी सलाम करून निरोप घेतला (१९:४६-४७).

दुसरी गोष्ट, निवाडा आपला नाही. फिरऔनने हजरत मूसा (अ.) यांना अडवण्यासाठी विचारले की मग आधीच्या पिढ्यांचे काय? हा प्रश्न आजही विचारला जातो. कधी कुतूहलाने, कधी डिवचण्यासाठी. मूसा (अ.) यांनी उत्तरात म्हटले की त्यांचे ज्ञान माझ्या पालनकर्त्याजवळ एका ग्रंथात आहे, तो चुकत नाही आणि विसरतही नाही (२०:५१-५२). ज्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नाही त्यांना शिक्षा न देण्याचे तत्त्वही सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:१५) आले आहे. चारशे वर्षांपूर्वी पूर्णेच्या काठी नांगर धरणाऱ्या आपल्या कोणा पूर्वजाला काय कळले होते, काय कळले नव्हते, हे आपल्याला ठाऊक नाही. जो जाणतो त्याच्यावर ते सोपवणे यातच अदब आहे.

तिसरी गोष्ट, आठवण आणि अश्रू यांना मनाई नाही. सहीह मुस्लिममध्ये आहे की प्रेषितांनी (स.) आपल्या मातोश्रींच्या कब्रीला भेट दिली आणि ते रडले, त्यांना रडताना पाहून सोबतचे लोकही रडले. इस्तिगफारची परवानगी मागितली ती मिळाली नाही, भेटीची मागितली ती मिळाली. या हदीसवर उलेमांनी विस्ताराने चर्चा केली आहे. आपल्या प्रश्नापुरते एवढे स्पष्ट आहे की प्रेमाचा आणि भेटीचा दरवाजा बंद केला गेला नाही.

चौथी गोष्ट, पूर्वजांमधील चांगुलपणा चांगुलपणाच राहतो. इस्लामपूर्व मक्केत काही माणसांनी शपथ घेतली होती की पीडित कोणीही असो, त्याला त्याचा हक्क मिळवून देऊ. ‘हिल्फुल फुजूल’ या नावाने तो करार प्रसिद्ध आहे. प्रेषितत्व मिळाल्यानंतरही प्रेषितांनी (स.) त्या कराराचा गौरव केला आणि अशा कामासाठी आजही बोलावले तर मी जाईन, असे सांगितले. माणसे खाणींसारखी असतात, जाहिलियतमध्ये जे उत्तम होते ते समज आल्यावर इस्लाममध्येही उत्तम ठरतात, असेही हदीसमध्ये आहे. तेव्हा आपल्या कोणा पणजोबाने दुष्काळात धान्याचे पेव गावासाठी उघडले असेल, कोणी पणजीने अडलेल्या बाळंतिणींची सुटका केली असेल, तर तो वारसा आपलाच आहे. तो अभिमानाने सांगावा आणि पुढे चालवावा.

याच्या उलट दोन दोष आपल्यात शिरले आहेत. एक म्हणजे तिरस्कार: जुन्या पिढ्यांचा उल्लेख निघताच तोंड फिरवणे. मृतांना शिव्याशाप देण्याची हदीसमध्ये मनाई आहे आणि कुणाच्या कुळावरून टोमणे मारणे हे जाहिलियतचे लक्षण सांगितले आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना स्पष्ट सांगितले की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. दुसरा दोष म्हणजे खोटी वंशावळ. लग्नाच्या बाजारात वजन वाढावे म्हणून अरबस्तान, इराण किंवा बुखाऱ्यापर्यंत शजरा नेऊन भिडवायचा आणि मधला खरा शेतकरी, विणकर किंवा बागवान पुसून टाकायचा. जाणूनबुजून दुसऱ्याला बाप म्हणवणाऱ्याविषयी हदीसमध्ये फार कडक इशारा आहे. हजरत सलमान (रजि.) ‘फारसी’ राहिले, सुहैब (रजि.) ‘रूमी’ राहिले, बिलाल (रजि.) ‘हबशी’ राहिले. त्यांना कुरैशी होण्याची गरज पडली नाही. मग वऱ्हाडी मुसलमानाला आपले वऱ्हाडीपण लपवण्याचे कारण काय? भाषा आणि वर्ण यांची विविधता सूरह रूममध्ये (३०:२२) अल्लाहच्या निशाण्यांत मोजली आहे. आजी ज्या वऱ्हाडी बोलीत दुआ देत असे ती बोलीही त्याच निशाण्यांपैकी आहे.

वारसा खाणारे

आता सर्वांत अवघड भाग. ‘वारसा’ या अर्थाने आज अरबी भाषेत ‘तुरास’ हा शब्द वापरतात. जुने ग्रंथ, जुन्या इमारती, जुन्या रीती हे सारे तुरास. हा शब्द कुरआनमध्ये एका ठिकाणी येतो, सूरह फज्रमध्ये (८९:१९), आणि तिथे त्याचा संदर्भ इमारतींचा नाही. तिथे माणसांना बजावले आहे की तुम्ही वारशाचे धन सगळेच्या सगळे गिळून टाकता. आधीच्या आयतींत अनाथाचा मान न राखण्याचा आणि गरिबाला जेवू घालण्याची प्रेरणा न देण्याचा उल्लेख आहे. म्हणजे कुरआनच्या दृष्टीने वारशाची पहिली परीक्षा तो कोणी खाल्ला ही आहे.

ज्या घरांत दादा-परदादांचे नाव फार अभिमानाने घेतले जाते, त्याच घरांत वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. सातबाऱ्यावरून त्यांची नावे निघून जातात. कारण काय सांगितले जाते? वाडवडिलांची जमीन तुटू नये; तिला लग्नात दिलेच आहे; हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. यातील शेवटचे कारण तर उघड धमकी आहे, ती कितीही गोड शब्दांत दिली तरी. सूरह निसामध्ये (४:७) आई-वडील व नातलगांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा जसा हिस्सा आहे तसाच स्त्रियांचाही आहे, ती थोडी असो की फार, आणि तो ठरवून दिलेला आहे असे स्पष्ट म्हटले आहे. लग्नातला खर्च हा वारसा नाही. शरीअतने तसा हिशेब कोठेही मांडलेला नाही.

जमिनीचे तुकडे होण्याची अडचण मात्र खोटी नाही. पाच एकर कोरडवाहू वावराचे सहा वाटे केले तर कोणाच्याच हाती काही लागत नाही, हे कापूस-सोयाबीन पिकवणारा प्रत्येक जण जाणतो. पण वावराचा तुकडा करणे आणि हक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन एकत्र ठेवून बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहू शकते आणि दरवर्षी पिकाच्या उत्पन्नातला तिचा वाटा तिच्या घरी जाऊ शकतो. बाजारभावाने किंमत काढून भाऊ तिचा हिस्सा विकत घेऊ शकतो, हप्त्यांनी का होईना. फिक्हमध्ये ‘तखारुज’ नावाची सोय आहे, ज्यात एखादा वारस परस्परसंमतीने ठरावीक मोबदला घेऊन आपला हिस्सा सोडतो. या सर्वांत अट एकच: संमती खरी असावी. आपला हिस्सा किती, त्याची किंमत काय, हे बहिणीला आधी कळावे. तो नाकारला तरी भावाच्या दारात तिचे स्वागत तसेच राहील याची तिला खात्री असावी. एवढे झाल्यावर तिने काही सोडले तर ते तिचे औदार्य. त्याआधी घेतलेली सही म्हणजे हक्कावर डल्ला.

बापाच्या मुलीचा हक्क मारून बापाच्या आठवणीत अन्नदान करणे, हे कोणत्या तऱ्हेचे पितृप्रेम? वडिलांना जर बोलता आले असते तर त्यांनी देगीतला पुलाव मागितला असता की मुलीचे हसते डोळे? शिवाय वारसा वाटण्याआधी मृताचे कर्ज फेडणे आवश्यक आहे, आणि पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. किती घरांत आजीचा मेहर आजोबांच्या माथ्यावर तसाच राहिला असेल! असे ऋण कळाले तर ते तिच्या वारसांना चुकते करणे, याहून मोठा पूर्वजांचा सन्मान कोणता?

मग करावे काय

काही जण विचारतील की कर्म मागे पडले तर कूळ पुढे नेत नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट असताना वंशावळ हवी तरी कशाला? याचे उत्तरही हदीसमध्येच आहे. नाती जोडून ठेवता यावीत एवढी आपल्या कुळाची माहिती घ्या, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. कुळाचे ज्ञान वापरायचे ते नातलगांपर्यंत पोचण्यासाठी. इतरांहून उंच दिसण्यासाठी नव्हे. सूरह हुजुरातमध्येही (४९:१३) वंश आणि टोळ्या परस्परांची ओळख पटावी म्हणून असल्याचे सांगून श्रेष्ठत्व तक्व्याला दिले आहे.

म्हणून प्रत्येक घराने आपल्या वृद्धांजवळ बसून नावे लिहून घ्यावीत. त्यांत आज्या, पणज्या, आत्या यांची नावे आवर्जून असावीत. बहुतेक शजऱ्यांत स्त्रिया हरवलेल्याच असतात. जे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडावी, खोटे नाव भरू नये. त्या यादीतील आज हयात असलेली, पण गरिबीमुळे दूर पडलेली शाखा शोधावी. नातलगांत गैरमुस्लिम शाखा असेल तर सुख-दुःखात तिच्या दारी जावे. कब्रस्तानात जावे, तिथली काटेरी झुडपे काढावीत, दुआ करावी.

आणि पूर्वजांच्या नावाने काही करायचेच असेल तर हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांचे उदाहरण समोर आहे. आई गेल्यावर त्यांनी विचारले की कोणता सदका उत्तम? पाणी, असे उत्तर मिळाले. त्यांनी आईच्या नावाने विहीर खोदली. अकोला-अमरावतीच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारट लागते आणि गोड पाण्याच्या हंड्यासाठी बायाबापड्यांना पायपीट करावी लागते. तिथल्या एखाद्या गावात पिण्याच्या पाण्याची सोय आई-वडिलांच्या नावाने करावी. ते पाणी मुसलमानही पितील, हिंदूही पितील, वाटसरू आणि गुरेही पितील. माणूस मेल्यावर त्याची कर्मे थांबतात, मात्र चालू राहणारे दान, उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती या तीन गोष्टी चालू राहतात, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या तीनही गोष्टी मागे राहिलेल्यांच्या हातून घडू शकतात.

शेवटी हेही ध्यानात असावे की आपणही कोणाचे तरी पूर्वज होणार आहोत. उद्या कोणी नातू आपले नाव कागदावर लिहील, तेव्हा त्या नावापुढे काय सांगितले जाईल? बहिणीचा हिस्सा गिळणारा, की न मागता तिच्या हाती ठेवणारा? भाऊबंदांशी धुऱ्यासाठी लढणारा, की एक हात जमीन सोडून भाऊ राखणारा? वाडवडिलांनी आपल्याला काय दिले हे बदलणे आपल्या हातात नाही. आपण मागे काय ठेवतो ते मात्र अजून आपल्या हातात आहे.

हे अल्लाह, आमच्या आई-वडिलांवर दया कर, जशी त्यांनी आमच्या लहानपणी आमच्यावर केली. आमच्या आधी ईमान बाळगून गेलेल्यांना क्षमा कर. आमच्या पूर्वजांमध्ये जे जे भले होते ते आमच्या हातून पुढे ने, आणि कोणाचाही हक्क आमच्या माथ्यावर ठेवून आम्हाला या जगातून नेऊ नकोस. आमीन.